भेणारं माणूस पाहिजे

"तुमच्या घरात सगळ्यात जास्त भेणारं माणूस कोण हाय?"

दारात उभ्या राहिलेल्या त्या अनोळखी तरुणानं ना नमस्कार केला, ना पाणी मागितलं. एकदम हेच विचारलं. चैत्रातली टळटळीत दुपार होती. ओसरीवर शिवम्मा आणि तिची आत्या प्रेमाबाई चिंचा फोडत बसल्या होत्या. शिवम्मानं मान वर केली आणि लगेच खाली घातली. त्याच्या भुवयांवर, पापण्यांवर दगडाची राखी भुकटी बसली होती, आणि त्या भुकटीतून दोन डोळे... हसत होते बहुतेक. परत बघून खात्री करायची तिला हिंमत झाली नाही.

"कशाला पाहिजे भेणारं माणूस? लोणचं घालायचंय का?" आत्यानं विचारलं.

"न्हाय ओ मावशी, विहिरीवर बसवायचंय. आमचे उस्ताद म्हणले, मालकाच्या घरी जा आन भेणारं माणूस घेऊन ये. धीट नको म्हणले."

आत्याला हसू आवरेना. चिंचेनं माखलेला हात तिनं तसाच शिवम्माकडं केला. "मग ही घेऊन जा. अख्ख्या तामलवाडीत हिच्यासारखं दुसरं मिळायचं न्हाय. म्हशीला भेती, विहिरीला भेती, पाव्हण्याला भेती. गेल्या साली तुळजापूरला निघालो, तर नव्या बैलाच्या डोळ्यात कायतरी दिसायलंय म्हणून गाडीतच बसंना. आमी गेलो गाडीतनं, ही आली चालत."

"आत्या, पुरं की..." शिवम्मा पुटपुटली.

"आन बैल?" तरुणानं विचारलं.

"बैलाला काय झालंय? लई गरीब निघाला."

तो शिवम्माकडं वळला. "मग पायच दुखले असतील तुमचे. दुसरं तर काय दुखलं न्हाय."

अठरा वर्षांत तिच्या भित्रेपणावर घरात, गावात, नदीवर, लग्नाकार्यात हसून झालं होतं. पण असा हिशोब तिला कुणी मांडून दाखवला नव्हता. तिनं पुन्हा वर बघितलं. डोळे हसतच होते, पण तिला नव्हे.

त्याचं नाव उत्तरेश्वर. तेरचा. बाप लहानपणीच गेला, तेव्हापासून शहाबादच्या फरशीच्या खाणीत बाबामियाँ उस्तादांच्या हाताखाली सुरुंग लावायला शिकला. शिवम्माच्या वडिलांनी, महालिंगप्पांनी, माळाकडच्या रानात विहीर खणायला काढली होती. पाच परस, म्हणजे पाच पुरुष खोल गेल्यावर काळा पाषाण लागला. पहारी बोथट झाल्या, गडी थकले, तेव्हा बाबामियाँना बोलावणं गेलं. तिकडं जगात लढाई चालू होती आणि इकडं निजामाच्या मुलखात बारूद मिळणं मुश्किल झालं होतं. उस्मानाबादच्या कचेरीतून मोठ्या खटपटीनं परवाना निघाला होता, तोही वैशाखी अमावास्येपर्यंतचाच. तोवर पाणी लागलं तर लागलं.

विहिरीच्या काठावर बाबामियाँ बसले होते. पांढरी दाढी, एक कान साफ गेलेला, दुसरा जाण्याच्या वाटेवर. त्यांनी शिवम्माला जवळ बसवलं.

"बेटी, रोज सहा भोकं पाडायची, सहांत बारूद भरायची. हा पोरगा खाली जाऊन सहाही वाती पेटवणार, दोरानं वर येणार. मग बार होतील. तू मोजायचे. बस, एवढंच."

ओटीत चिंचोके होतेच. तिनं सहा काढून मुठीत धरले.

"हौ, अस्संच. एक बार, एक चिंचोका खाली टाक. मुठीत एक जरी उरला, तर आत एक सुरुंग जिता हाय. मग दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी उतरायचं न्हाय. खुद्द सरकार आले तरी न्हाय."

"पण..." तिनं जरा थांबून विचारलं, "धीट माणूस का नको?"

ऐकू येत नसलं तरी हा प्रश्न त्यांना कळला. कदाचित सगळ्या गावांत सगळ्यांनी विचारला असेल. "धीट माणूस मोजत न्हाय बेटी, अंदाज करतो. माझा धाकटा भाऊ होता, वजीर. तो गेला त्या दिवशी मोजायला बसलेला गडी लई धीट होता."

एवढं बोलून ते पानाचा डबा उघडायला लागले.

त्या दिवसापासून शिवम्मा रोज विहिरीवर जायला लागली. उन्हं कलायच्या वेळेला भोकं भरून व्हायची. उत्तरेश्वर पेटता काकडा हातात घेऊन दोराच्या वेढ्यात पाय घालायचा आणि खाली उतरायचा. वाती पेटल्या की खालून हाक यायची. चौघं गडी दोर ओढायचे, तो काठावर यायचा, सगळे लांब पळून बांधाआड बसायचे. मग जमीन आतून धक्के द्यायची. एक. दोन. तीन... सहावा चिंचोका पडला की ती मान हलवायची. बाबामियाँ म्हणायचे, "चला."

तिच्या एका मान हलवण्यावर दहा माणसं विहिरीत उतरायची. आजवर तिच्या भीतीचा कुणाला उपयोग झाला नव्हता. आता गडी तिच्या तोंडाकडं बघत थांबायचे, आणि तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

"काय मोजणीदारीणबाई," उत्तरेश्वर वर आला की म्हणायचा, "आजची जमीन किती भरली?"

"सहा," ती म्हणायची. हसायचं नाही असं ठरवून यायची, आणि...

एकदा त्याला पाणी देताना तिनं विचारलं, "तुमाला भ्या वाटत न्हाय?"

"लई वाटतं."

"दिसत तर न्हाय."

"त्याला काय शिंगं असतात व्हय दिसायला? काकडा हातात घेतला की पोटात खड्डा पडतो. रोज. ज्या दिवशी पडणार न्हाय, त्या दिवशी मी हे काम सोडून तेरला शेळ्या राखीन."

"शेळ्यांना न्हाय का भेत?"

त्यानं गंभीरपणे विचार केला. "बोकडाला भेतो."

तिनं पदर तोंडाला लावला, तरी हसू डोळ्यांतून सांडलंच. पाण्याचा तांब्या परत घेताना तिच्या हाताला त्याची बोटं लागली... खरबरीत, उन्हानं तापलेली. घरी जाताना वाटेत कालवड आडवी आली, तर ती तिच्या पाठीवर थाप मारून पुढं निघून गेली. बऱ्याच पुढं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण त्या कालवडीला भीत होतो.

आणि मग आठव्या दिवशी ती चुकली.

त्या दिवशी दोर मध्येच एका कपारीत अडकला. खालून हाक आली, गड्यांनी ओढलं, दोर येईना. वाती पेटलेल्या. शिवम्माच्या डोळ्यांसमोर नको नको ते उभं राहायला लागलं. मग दोर सुटला, तो काठावर आला, गड्यांबरोबर धडपडत बांधाआड पडला, आणि लगेच पहिला बार झाला. तो उठून बसला. केसांतली माती झाडली. तिच्याकडं बघून जरासा हसला... हाय, मी हाय, असं. कोपर सोललं होतं, त्यातून रक्त येत होतं. ती बघत राहिली.

धूर निवळला तेव्हा मुठीत एक चिंचोका होता.

"पाच," ती म्हणाली.

"सहा झाले की," एक गडी म्हणाला. दुसऱ्यानंही मान डोलावली. पण बाबामियाँनी तिची मूठ बघितली आणि पानाचा डबा मिटला. "उद्या."

दुसऱ्या दिवशी उत्तरेश्वर एकटा खाली गेला. दगडगोटे हातानं बाजूला करत त्यानं एकेक भोक तपासलं. सहाही फुटलेली होती.

गड्यांना कारणच मिळालं. "पाणी लागंपतूर आमी म्हातारे होणार," म्हणून चेष्टा झाली. महालिंगप्पा हसले नाहीत. "एक दिवस बुडाला," ते म्हणाले. "अमावास्या काय थांबायची न्हाय. उद्यापासून दुसरं कुणी बसवा."

"मालक," उत्तरेश्वर म्हणाला, "बुडाला तो दिवस. माणूस तर न्हाय बुडालं. ह्यांनाच बसू द्या."

मग गडी पांगल्यावर तो तिच्या जवळून जाताना हळूच म्हणाला, "पण मोजणीदारीणबाई, काल मोजताना लक्ष कुठं होतं?"

कुठं होतं ते तिला नेमकं ठाऊक होतं. सोललेल्या कोपरावर होतं.

त्या दिवसापासून शिवम्मा स्वतःच्या भीतीकडं बघायला शिकली. जात्यावर बसली तरी तेच, भाकरी थापतानाही तेच. तिला कळलं की आपल्या आत एक नाही, दोन भीती आहेत. एक सारखी बोलते. दोर तुटला तर, पाय घसरला तर, तो वर आलाच नाही तर... चित्रंच्या चित्रं काढते. ती त्याच्यासाठीची. त्या भीतीला तिनं काळजी म्हणायचं ठरवलं, आणि आणखी एक नाव होतं तेही मनातल्या मनात म्हणून बघितलं. दुसरी भीती बोलत नाही. ती नुसती येऊन बसते, आणि तिच्यापुढं हात आपोआप थांबतो. तुळजापूरला निघताना गाडीच्या चाकावर ठेवलेला पाय थांबला होता, तसा.

पहिलीला गप्प बसवल्याशिवाय दुसरी ऐकू येणार नव्हती. म्हणून ती विहिरीकडं पाठ करून बसायला लागली.

"रागावलात व्हय आमच्यावर?" उत्तरेश्वरनं विचारलं. "तोंडबी बघंना झालाव."

"मोजायला कान लागतो. तोंड कशाला?"

"आमाला बरं वाटतं की, वर आल्यावर कुणी बघितलं की."

"तुमाला बरं वाटावं म्हणून आप्पांनी मला इथं बसवलं न्हाय," ती म्हणाली. पाठ वळवलेली होती म्हणून बरं. कानांच्या पाळ्यांपर्यंत ती लाल झाली होती.

अमावास्येला चार दिवस उरले असताना रात्री वळीव कोसळला. सकाळी मातीचा वास, बाभळीखाली पिवळ्या फुलांचा सडा आणि विहिरीच्या तळाला घोटाभर पाणी. गड्यांनी ते उपसून काढलं. बारूद कातड्याच्या थैलीत कोरडी होती, वातीही उन्हात ठेवून वाळवल्या. दुपारी सहा भोकं भरली गेली. उत्तरेश्वर उतरला, वर आला. सगळे बांधाआड.

शिवम्मानं डोळे मिटले. तळहात जमिनीवर टेकला.

एक. मग दोन आणि तीन, एकाला लागून एक. चार. जरा थांबून पाच.

आणि काही नाही.

तिनं मूठ उघडली नाही. आतला एक चिंचोका तिला तळव्याला लागत होता. कुठलंही चित्र डोळ्यांसमोर आलं नाही. ती भीती नुसती येऊन बसली. शांत.

"सहा!" बाबामियाँ म्हणाले. "धक्के लागले पायाला, सहाच्या सहा."

"सहा," गडी म्हणाले.

"सहाच," महालिंगप्पा म्हणाले. "चला, उतरा. चार दिवस हायेत हातात."

उत्तरेश्वर दोराजवळ गेला. वेढ्यात एक पाय घातला आणि नेहमीसारखं तिच्याकडं बघितलं. "किती?"

सहा म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं. जीभ तशी वळायलाही लागली होती.

"पाच," शिवम्मा म्हणाली.

कुणीतरी कपाळावर हात मारून घेतला. महालिंगप्पांचा आवाज चढला. "मागच्या बारीसारखं करू नगंस. उस्ताद सहा म्हणायलेत. त्यांच्यापरीस तुला जास्त कळतंय?"

उत्तरेश्वर हलला नाही. पाय दोरातच. एकीकडं उस्ताद, ज्यांनी त्याला वाढवलं. आणि एकीकडं ही. "त्या दिवशीबी पाच म्हणलात तुमी," तो हळू म्हणाला. "आज तसं न्हाय, हे कशावरनं?"

उत्तर तिच्याकडं होतं. पण ते दहा गड्यांसमोर, वडलांसमोर द्यायचं म्हणजे... गाव महिनाभर तोंडात घोळवणार. तिनं बाबामियाँकडं बघितलं. वजीरच्या वेळेला कुणीतरी असंच गप्प बसलं असेल का?

ती उठून उभी राहिली.

"त्या दिवशी माझं लक्ष मोजण्यात नव्हतं. तुमचा दोर अडकला होता, तुमचं कोपर सोललं होतं, मी तुमच्याकडं बघत होते. म्हणून चुकले. त्यापायीच रोज पाठ करून बसती. आज मी बघितलेलं न्हाय, नुसतं ऐकलंय. पाच झालेत."

एक गडी खोकला आणि खोकून पस्तावला. उत्तरेश्वरनं दोरातून पाय काढून घेतला.

"काय बोलायलीस, कळतंय का तुला?" महालिंगप्पा पुढं आले.

"कळतंय, आप्पा."

"तुमी कुणी उतरू नका. मीच जातो. माझी विहीर हाय." ते तरातरा दोराकडं निघाले.

शिवम्मा त्यांच्या आधी पोचली आणि दोराच्या वेटोळ्यावर मांडी घालून बसली. म्हशीला भिणारी, पाव्हण्याला भिणारी शिवम्मा.

"ऊठ."

"न्हाय."

"शिवम्मा, ऊठ म्हणतो ना."

"उद्या सकाळी उठती. तवर तुमी मारलं तरी न्हाय."

महालिंगप्पांनी हात उचलला. त्या हाताचं पुढं काय झालं असतं ते कुणालाच कळलं नाही, कारण त्याच वेळी जमिनीनं धक्का दिला. विहिरीच्या तोंडातून धुराचा लोट उठला, डोक्याएवढे दगड वर येऊन काठाच्या पलीकडं नांगरलेल्या रानात धपाधप पडले. उत्तरेश्वरनं शिवम्माला आणि महालिंगप्पांना दोघांनाही ओढून खाली पाडलं होतं. वरून मातीचा पाऊस पडत राहिला.

मग सगळं शांत झालं.

बाबामियाँनी डोक्यावरची माती झटकली. "आता किती, बेटी?"

"सहा," ती म्हणाली आणि मूठ उघडून शेवटचा चिंचोका खाली टाकला.

महालिंगप्पा उठून बसले. मग त्यांनी डोक्याचा पटका काढला, त्याच्या टोकानं लेकीच्या तोंडावरची माती पुसली.

तिसऱ्या दिवशी पाणी लागलं. पाषाणाच्या भेगेतून आधी ओल, मग धार. गावानं गूळ वाटला. त्याच संध्याकाळी बाबामियाँ महालिंगप्पांच्या ओसरीवर येऊन बसले आणि पोराची सोयरीक बोलले. पोरगा तुमच्याच देवाधर्मातला, म्हणाले, मी नुसता हातात काकडा दिला.

आतून आत्या लगेच म्हणाली, "बारुदीतला माणूस... आज हाय, उद्याचं कुणी सांगावं?"

"तिला विचार," महालिंगप्पा म्हणाले. "आता तिला विचारल्याबगर मी दोरालासुद्धा हात लावत न्हाय."

आत्या शिवम्माजवळ बसली. आवाज खाली आला. "पोरी, खरं सांग. भ्या वाटत न्हाय तुला?"

"विचारून सांगती," शिवम्मा म्हणाली.

"कुणाला?"

पण ती घराबाहेर पडली होती.

उत्तरेश्वर विहिरीवर सामान बांधत होता. जळकोटला दुसरी विहीर वाट बघत होती. पहारी, घण, बारूद ठासायचे लाकडी गज, सगळं गाडीत चढलं होतं. शिवम्मा काठावर आली आणि सवयीनं त्याच्याकडं पाठ करून बसली. खाली पाणी काळंभोर, थरथरत होतं.

"उस्ताद घरी आलेत म्हणं," तो म्हणाला.

"आलेत."

"मग?"

"आत्या म्हणती, भ्या वाटत न्हाय का."

"वाटतं का?"

त्यानं घाई केली नाही. ती आत बघत होती, तिला आता यायला लागलं होतं तसं. बोलणारी भीती होतीच. दोर, कपार, धूर... ती जन्मभर बोलत राहणार होती, तिला कुठली अमावास्या नव्हती. पण तिच्या मागं, जिथं ती दुसरी शांतपणे येऊन बसते, तिथं शिवम्मानं कान दिला. बराच वेळ दिला. तिथं कुणी बसलेलं नव्हतं. ती जागा मोकळी होती, आणि तिथं उजेड होता.

"वाटतं," ती म्हणाली. "रोज वाटंल. तुमी उतरलात की जीव टांगणीला लागंल. पण ते भ्या थांब म्हणत न्हाय. ते... ते संगट चल म्हणतंय."

मागं सामानाची खडखड थांबली.

"पण एक हाय," ती म्हणाली. "तुमी जिथं जिथं सुरुंग लावाल, तिथं मोजायला मीच येणार. जळकोट असू द्या न्हायतर शहाबाद. दुसऱ्या कुणावर माझा भरवसा न्हाय."

"अन् असंच पाठ करून बसणार?"

"असंच. सहा होईपतूर वळून बघायची न्हाय."

"अन् सहा झाल्यावर?" त्याचा आवाज जवळ आला होता, आणि पहिल्यांदाच त्यात चेष्टा नव्हती. "सहा झाल्यावर काय करशील, शिवम्मा?"

"मग वळीन की," ती म्हणाली.

आणि वळली.